गडगड्याची मोटर

ती घटना आठवली की मला आधी फिर्यादी आठवत नाही, संशयितही आठवत नाही. आठवतो तो एक आवाज. बंद पिंपात दगड एका लयीत पडत राहिल्याचा. त्या आवाजापायी एका भल्या माणसाची नोकरी जाता जाता राहिली. गेली असती तर माझ्यामुळे गेली असती, म्हणून ही हकीकत लिहायचं मी आजवर टाळत आलो.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातला तालुका होता. त्या भागातल्या एका मोठ्या गावच्या ठाण्यात मी फौजदार म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मी घाटावरचा माणूस. वऱ्हाडी बोली कानाला गोड लागायची, पण अर्धी डोक्यावरून जायची. ठाण्यातले जमादार मात्र मुरलेले होते. गावातल्या प्रत्येकाची कुंडली त्यांच्या तोंडपाठ होती. अडचण एवढीच, की एकदा मांडलेली कुंडली ते कधी बदलत नसत.

एका सकाळी गावाबाहेरच्या जिनिंगचा स्टोअरकीपर फिर्याद घेऊन आला. स्वच्छ धोतर, खिशाला दोन पेनं, बोलणं अदबीचं. हंगाम संपून जिनिंग बंद होतं, आठवड्यात मालाची तपासणी व्हायची होती, आणि स्टोअरमधली एक घोड्याची, तीन फेजची मोटर गायब होती. कुलूप शाबूत होतं. म्हणजे चोर घरचाच. आम्ही गुन्हा नोंदवला, कलम ३८१, नोकराने केलेली चोरी. तुमचा संशय कोणावर, असं विचारलं तर तो म्हणाला, कोणाचं नाव घेऊन पाप कशाला लावून घेऊ.

दुसऱ्या दिवशी टपालात एक बिननावी चिठ्ठी आली. बौद्धपुऱ्यातल्या मिस्त्रीच्या घरी एक यंत्र दिवसभर गडगडतं, त्याला जिनिंगची मोटर लावली आहे आणि पिंपात जिनिंगच्याच बेअरिंगमधले लोखंडी छर्रे भरले आहेत, असा मजकूर होता. जमादारांनी चिठ्ठी वाचली आणि टोपी चढवली. "ते त गावाले ठाऊक हाय, सायेब. सारे त्याले गडगड्या म्हनतात."

हा मिस्त्री जिनिंगमध्ये हंगामी फिटर होता. तिशीतला, धर्मांतर केलेल्या घरातला, बाप शेतमजूर. त्याचं नाव ऐकताच मी टेबलाच्या खणातून एक कागद काढून पाहिला. एका सरकारी वर्कशॉपमध्ये त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीसाठी तो कागद आमच्याकडे आला होता. आमचा शेरा गेला की नेमणूक. त्या घरात पगारी नोकरी पहिल्यांदाच येत होती. चोरीचा गुन्हा लागला असता तर तो कागद तिथंच मेला असता. आणि शेरा लिहायची मुदत होती चारच दिवसांची.

जमादारांनी पंच घेऊन झडती घेतली. मोटर सापडली. तिच्यावर नंबराची पट्टी नव्हती, हिरवा रंग नवा होता. स्टोअरकीपरने ती पंचांसमोर ओळखली. मिस्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात आणून बसवलं. सगळं इतकं सरळ जुळलं, की मी चहा मागवला.

पलीकडच्या खोलीत जमादार त्याला विचारत होते. मोटर कुठून आणली? अकोल्याच्या जुन्या बाजारातून. पावती? जुन्या बाजारात पावती कोण देतो. मग तो आणखी काही म्हणाला. तारांचं काहीतरी. जमादारांचा आवाज चढला, "जास्त शाना होऊ नको," आणि तो गप्प झाला. हे सगळं मला ऐकू येत होतं. तारांचं मला काही कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून मी विचारलंही नाही. चहा गरम होता. जमादार बाहेर येऊन म्हणाले, संध्याकाळी अटक दाखवू, सकाळी कोर्टात उभा करू.

मला खरं म्हणजे त्याच्यावर दया आली नव्हती. मला त्या यंत्राचं कुतूहल वाटत होतं. घरात पिंप फिरवून माणूस करतो काय? दारू गाळायला पिंप फिरवावं लागत नाही. दुपारी सायकल काढून मी एकटाच बौद्धपुऱ्यात गेलो.

घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, छपरातून लोंबणारा एक दिवा. मागच्या पडवीत ते यंत्र होतं. डांबराचं कापून लहान केलेलं पिंप, दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवलेलं. त्याच्या आसाला सायकलची मोठी रिम, तिच्यावर चक्कीचा जुना पट्टा. मोटरच्या जागी चार भोकं तेवढी उरली होती. मिस्त्रीची बायको दाराशी उभी होती आणि पदर तोंडाला लावून खोकत होती. मी पिंपाचं झाकण उघडायला सांगितलं. आतून ट्यूबचं रबर चिकटवलेलं होतं, आणि तळाशी होते पैनगंगेतले गोल, गुळगुळीत गोटे. पांढऱ्या पिठानं माखलेले. लोखंडाचा एक छर्रा नव्हता.

"छर्रे कुठं आहेत?" मी विचारलं.

"छर्रे कायले टाकतीन सायेब? लोखंडानं रांगोयी कायी पडते, पांढरी राहत नाई."

तो रांगोळी दळत होता. दुष्काळी कामांवर ज्या विहिरी खोदल्या गेल्या, त्यांच्या ढिगांत पांढरा ठिसूळ दगड निघाला होता. ही बाई तो उखळात कुटायची आणि वाशीमजवळच्या मालेगावच्या, रिसोडच्या बाजारात रांगोळी विकायची. कुटताना भुकटी उडायची, ती सगळी तिच्या छातीत जायची. दोन वर्षांत खोकला जाईना. वाशीमच्या डॉक्टरने सांगितलं, दगड कुटणं बंद करा. पण त्या रांगोळीवरच घराचं मीठमिरची चालत होतं. मग नवऱ्याने हे तोंडबंद पिंप बनवलं. दगड आतल्या आत दळला जाईल, धूळ बाहेर येणार नाही.

निघताना ती म्हणाली, "जिनिंगच्या मोटरीले तीन तारा लागतात. आमच्या घरात दोनच येतात. यायनं जमादारसायबाले सांगतलं म्हने."

मी वर पाहिलं. खांबावरून घरात दोन तारा आल्या होत्या. सायकलवर बसलो तेव्हा पलीकडच्या खोलीतलं ते 'तारांचं काहीतरी' मला आठवलं, आणि माझीच मला लाज वाटली.

ठाण्यात येऊन मी मिस्त्रीला माझ्यासमोर बाकावर बसवलं आणि म्हटलं, पहिल्यापासून सांग, मला यातलं काही समजत नाही. आधी तो चाचरला. मग खुलला. अशा यंत्राला बॉल मिल म्हणतात, त्याने ते अकोल्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मजुरीला असताना पाहिलं होतं. पहिल्यांदा त्याने पंख्याची मोटर लावली, ती गरम होऊन वास सुटला. मग शिलाई मशीनची लावली, ती पळायची खूप पण अंगात बळ नाही. भरलेलं पिंप जागचं हलवायलाच सगळा जोर लागतो, म्हणून त्याने जुन्या बाजारातून जळालेली एक फेजची, दोन तारांवर चालणारी मोटर आणली, घरी बसून तिची तार नव्याने गुंडाळली, रंग दिला. पट्टी आधीच उडालेली होती. मोटर मिनिटाला चौदाशे फेरे घेते, पिंपाला चाळीस-पंचेचाळीस पुरतात. म्हणून मोटरवर चिमुकली पुली आणि पिंपाला सायकलची रिम.

पिंप जोरात फिरवलं तर जास्त दळलं जाणार नाही का, असं मी विचारलं. तो हसला. ठाण्यात आणल्यापासून पहिल्यांदाच.

"नाई सायेब. म्या बी तेच केलं होतं. जोरानं फिरवलं त गोटे कडेले चिपकून बसतात. पिंप चूप होते. चूप झालं म्हनजे समजा, दयनं बंद झालं."

आमच्या चौकशीच्या खोलीबद्दल हे वाक्य कुठल्याही पोलीस ट्रेनिंगमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता छर्र्यांचा प्रश्न उरला. पिंपात छर्रे नव्हतेच, तर चिठ्ठीत आले कुठून? मी विचारलं, तू कोणाकडे बेअरिंगच्या गोळ्या मागितल्या होत्यास का? तो म्हणाला, सुरुवातीला मागितल्या होत्या, एकदाच, स्टोअरकीपरकडे. त्याने दिल्या नाहीत. नंतर गोट्यांनी काम भागलं. म्हणजे छर्र्यांची गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, आणि त्यातला एक माझ्यासमोर बसला होता.

स्टोअरकीपरला बोलावणं धाडलं. मी मोटर टेबलावर ठेवली होती. तिच्या पाठीवर कुबडासारखा एक पत्र्याचा डबा होता, तो मला आता ओळखता येत होता. एक फेजच्या मोटरीला सुरू होताना जोर देणारा कंडेन्सर त्यात असतो. मी साधेपणाने म्हटलं, मोटर तुमचीच आहे ना, मग परत नेण्याआधी चालते का पाहून घ्या, इथंच जोडून दाखवा. तो म्हणाला, "सायेब, ही तीन फेजची हाय. तुमच्या ठान्यात दोनच तारा. इथं कशी फिरन?"

मी हे जबाबात लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं, सही घेतली. मग मिस्त्रीला म्हटलं, जोड. त्याने दिव्याच्या जागी वायर लावली आणि खटका दाबला. मोटर घूं करून फिरू लागली. टेबलावरचे कागद उडाले. दारातले शिपाई पुढे सरकले. स्टोअरकीपरने पाणी मागितलं.

पुढचं फार लांबलं नाही. मोटर त्यानेच दोन महिन्यांपूर्वी अनसिंगकडच्या एका शेतकऱ्याला विकली होती. तपासणी जवळ आली, चोर हवा होता, आणि ज्याच्या घरात रोज मोटर वाजते असा माणूस आयता होता. पोलिसांना मोटरीतलं काय कळतं, हा त्याचा हिशेब. दुसरा हिशेब त्याने आपणहून सांगितला: "त्या पुऱ्यातला मानूस म्हटल्यावर तुमी जास्त इचारसान नाई, असं वाटलं." त्याचे दोन्ही हिशेब बरोबर होते. फक्त मला त्या पिंपाचं कुतूहल वाटेल हे त्याने धरलं नव्हतं. अनसिंगकडच्या विहिरीवरून खरी मोटर पट्टीसकट मिळाली, कलम बदलून अपहाराचं लागलं, आणि संन्याशाला होणारी फाशी टळली.

पडताळणीच्या कागदावर मी 'विरुद्ध काही आढळले नाही' असं लिहून मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाठवलं. मिस्त्री मोटर न्यायला आला. सुपूर्दनाम्यावर सही करण्याआधी त्याने विचारलं, कागदात काय लिहिलं आहे. मी वाचून दाखवलं: अधिक तपासात सदर मोटर संशयिताच्या मालकीची असल्याचे निष्पन्न झाले.

"म्या पहिल्याच दिवशी सांगतलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "तेवढं लिहान का, सायेब?"

मी म्हणालो, असं लिहायची पद्धत नसते. खरं कारण वेगळं होतं. तसं लिहिलं असतं तर जमादारांनी ते का ऐकलं नाही आणि पलीकडे चहा पीत बसलेल्या फौजदाराने काय केलं, हेही लिहावं लागलं असतं. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, सही केली, मोटर सायकलच्या कॅरियरला बांधली आणि गेला. तासाभराने बौद्धपुऱ्याकडून तो आवाज पुन्हा सुरू झाला.

पुढच्या नोकरीत मी पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले, शाबासक्याही मिळाल्या. कुणी काही सांगत असलं आणि मला समजत नसलं, की चहा बाजूला ठेवून पुन्हा विचारायची सवय मात्र मला त्या मिस्त्रीने लावली. त्याचं देणं तेवढ्याने फिटत नाही. ते एक वाक्य ठाण्याच्या कुठल्याच कागदात नाही, म्हणून आज इथे लिहितो. त्या माणसाने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं, आणि ते मी ऐकलं होतं.