कोणत्या समाजाचा कार्यक्रम?

आमच्या गावात सभागृहांचा सुकाळ आहे. वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रस्ता खड्ड्यांतून शोधावा लागतो, नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसतं, पण सभागृह म्हणाल तर प्रत्येक समाजाचं वेगळं, कमानीसकट. कमानीवर समाजाचं नाव, त्याखाली ज्यांच्या निधीतून बांधलं त्यांचं नाव, आणि त्याखाली कुणाचं तरी सोयाबीन वाळत घातलेलं. लग्नसराईचे दिवस सोडले तर ही सगळी सभागृहं कुलूपबंद असतात. तरी मी एका खोलीसाठी चार महिने दारोदार फिरले आणि भेटेल त्याला सांगत राहिले, की जागाच मिळत नाही हो. ते खोटं होतं.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. जन्मली तेव्हा रडली नाही, आणि तेवढ्या वेळात मेंदूला जी इजा झाली ती झालीच. थोडं बोलायची, हसायची भरपूर, पण आधाराशिवाय बसू शकत नव्हती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना ‘नीट बस’ म्हणायचं आणि घरी येऊन आपलं लेकरू उशांच्या मधे टेकवायचं, असं माझं चाललं होतं.

वाशीमला अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या रांगेत एक अंगणवाडी सेविका भेटली. आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. तिचीही मुलगी तेवढीच आणि तशीच. रांग लांब होती, म्हणून आम्ही आळीपाळीने दोन्ही पोरी सांभाळल्या. एकीने दोन पोरी धरायच्या, दुसरीने कागद घेऊन पुढे सरकायचं. आधी ती मला ‘मॅडम’ म्हणत होती, दुपारपर्यंत ‘वो बाई’ म्हणायला लागली. मी तिला ताई म्हणू लागले. त्या रांगेतच ठरलं, की अशा लेकरांच्या आयांनी एकत्र यायला पाहिजे.

रिसोडकडची एक, मंगरूळपीरची एक, अनसिंगची एक, बाकीच्या गावातल्या, असं करत आम्ही अकराजणी झालो. अकोल्याचा एक फिजिओथेरपिस्ट महिन्यातून एका रविवारी फुकट यायला तयार झाला. त्याच्या अटी साध्या होत्या: खोली तळमजल्यावर हवी, संडास-पाणी हवं आणि किमान दहा मुलं हवीत. दोन-चार मुलांसाठी एवढ्या लांब गाडी चालवत येणार नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. त्याचं काही चुकलं नाही.

पहिला रविवार आमच्या शाळेच्या व्हरांड्यात झाला. डॉक्टरने ताईची मुलगी आणि माझी मुलगी सतरंजीवर पाठीला पाठ लावून बसवल्या. म्हणाला, भिंत हलत नाही, म्हणून मूल भिंतीवर रेलून राहतं. दुसऱ्याची पाठ हलते, त्यामुळे आपल्यालाही सावरायला लागतं. एक पोर कलली की दुसरी तिला तोलायची, आणि दोघी खिदळायच्या. त्या दिवशी माझी मुलगी उशीशिवाय आणि भिंतीशिवाय बसली. ताईने मोठ्याने वीसपर्यंत आकडे म्हटले. विसाव्या आकड्याला ताई रडायला लागली, आणि मी तिला हसले, कारण नाहीतर मीही रडले असते.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, की एका लेकराने व्हरांड्यात लघवी केली, पालकांची तक्रार आहे, शाळा शाळेसाठीच राहू द्या. त्या व्हरांड्यात वर्षभर कोणाकोणाच्या बकऱ्या बसतात, ते मी त्यांना सांगितलं नाही. नोकरी करायची होती.

संध्याकाळी आम्ही गावातल्या आया बसस्टँडजवळ भेटलो. कोणी काही सुचवायच्या आत ताई म्हणाली, “आमच्या विहारात घ्या ना. सगळं खालीच हाये. एकच पायरी हाये, तिथं फळी टाकू. नळ हाये, संडास हाये. कोनाले इचारायचं बी काम नाही, चाबी माह्याच घरी रायते.”

एक आई पिशवीत काहीतरी शोधू लागली. बाकीच्या माझ्याकडे पाहत होत्या, कारण मी मॅडम. मी म्हणाले, “हो, बघू ना ताई. पण स्टँडपासून लांब पडते, बाहेरगावच्या बायांले त्रास होईन. आधी मधातली एखादी जागा पाहू.” विहार स्टँडपासून दहा मिनिटांवर आहे. ताईला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती फक्त ‘बरं’ म्हणाली.

घरी पोचते न पोचते तोच दोघींचे फोन आले. तुम्ही बरोबर बोलल्या मॅडम, आमच्या घरचे तिकडे येऊ देणार नाहीत. मी त्यांना धीर दिला, की तिकडे घ्यायचं नाहीच आहे. आज ते दोन फोन पुढे करून मला सुटता आलं असतं, पण खरं सांगायचं तर फोन यायच्या आधीच मी नाही म्हणून मोकळी झाले होते. माझ्या सासूबाई काय म्हणतील, नवरा पारावर काय तोंड दाखवेल, हे सगळं बसस्टँडवर एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं होतं. मुलांना समतेचा धडा मी दरवर्षी शिकवते. प्रश्नोत्तरांसकट.

मग माझी वणवण सुरू झाली. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने विचारलं, लग्न की बारसं? दोन्ही नाही म्हटल्यावर त्याचा सगळा रस संपला. दोन-तीन तासांसाठी देत नाही, अख्खा दिवस घ्या, आणि मुहूर्त निघाला तर ऐनवेळी सोडावं लागेल, असं म्हणून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. सरकारी सभागृह पहिल्या मजल्यावर. खाली दुकानं काढली आहेत. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर चाकाच्या खुर्चीचं सुरेख निळं चित्र रंगवलेलं आहे; त्या चित्रापासून वर तेवीस पायऱ्या आहेत. मंदिराचे विश्वस्त फार गोड बोलले. देवाचं घर आहे, नाही कसं म्हणू? पण लेकरं आत मुतली तर? त्यांनी शेवटपर्यंत नाही म्हटलं नाही आणि किल्लीही दिली नाही.

राहिली समाजांची सभागृहं. तिथे सगळीकडे पहिला प्रश्न एकच: कोणत्या समाजाचा कार्यक्रम? मी सांगायची, सगळ्यांच्या लेकरांचा. की समोरच्या माणसाचा चेहरा पत्ता न सापडलेल्या पोस्टमनसारखा व्हायचा. एका म्हाताऱ्या सचिवांनी मला समोर बसवून, चहा पाजून, समजूत काढल्यासारखं सांगितलं, “सगळ्याइचा म्हंजे कोनाचाच नाही ना बाई. पावती कोनाच्या नावानं फाडू?”

डॉक्टरचे तीन महिन्यांचे तीन रविवार असेच गेले. डॉक्टरने फोनवर सांगितलं, की पुढच्या महिन्यात जागा पक्की नसेल तर तो दुसऱ्या गावाला शब्द देईल. घरी माझी मुलगी पुन्हा उशांमध्ये रेलायला लागली होती. तिला उचलून भिंतीपासून लांब बसवलं की ती मागे हात करून चाचपायची. पाठ शोधायची.

तेव्हा मी आमच्या समाजाच्या भवनात गेले. समाजाचं नाव मी लिहीत नाही. कोणतंही घाला, बसेल. अध्यक्ष माझे चुलत सासरे. त्यांनी आनंदाने होकार दिला. फक्त अर्जात ‘आपल्या समाजातील दिव्यांग मुलांकरिता’ असं लिहा म्हणाले, कारण भवनाचा नियमच तसा आहे. “मंग आत कोन येते, कोन नाही, ते आमी कायले पाहू?” असंही म्हणाले. मी तिथेच उभ्या उभ्या, त्यांच्याच पेनने तसं लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं आहे. बाहेर आल्यावर सगळ्यांना फोन केले, की जागा मिळाली. ताईला सगळ्यात आधी केला. ती म्हणाली, “बरं झालं वो बाई, पोरगी रोज तुमच्या पोरीचं नाव घेऊन राह्यली.” अर्जाचं मी तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असं मी स्वतःलाच सांगितलं.

आमच्याकडे भवनात कोणताही कार्यक्रम असो, फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर चौकीदार खडूने लिहितो. लग्न असलं तर वधूवरांची नावं, तेरवी असली तर गेलेल्याचं. ती रीत मला लहानपणापासून माहीत होती, आणि तरी त्या दिवशी ती माझ्या ध्यानात आली नाही. चौकीदाराने अर्ज समोर धरून शब्द न् शब्द उतरवला होता, फक्त ‘आपल्या’च्या जागी समाजाचं नाव मोठ्या अक्षरात काढून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी सकाळी मागच्या दाराने गेले होते, सतरंज्या घालत होते. डॉक्टर आला, मुलं येऊ लागली. फाटकासमोर ऑटो थांबला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. ताई पोरीला कडेवर घेऊन उतरली आणि फळ्यासमोर थांबली. अंगणवाडीची बाई, लिहिलेलं दिसलं की वाचणारच. तिने पूर्ण वाचलं. मी बाहेर पळाले तेव्हा कुठे मला तो फळा दिसला.

“ताई, ते चौकीदारानं लिवलं,” मी म्हणाले.

“त्याले कोनं सांगतलं?”

“अर्जात तसं लिवावं लागते. नुसतं कागदावर हाये ते.”

तिने पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. चिडली असती तर बरं झालं असतं. “कागदावरच तं अस्ते सारं, मॅडम,” ती म्हणाली. “माह्या पोरीचं नाव त्याच्यात बसते काय?”

मी खडू पुसायला हात पुढे केला. ती म्हणाली, “राहू द्या, हात भरतीन.” आणि त्याच ऑटोत बसून गेली. तिच्या पोरीला काही कळलं नव्हतं. तिने माझ्या मुलीला दारात पाहिलं होतं, ती ऑटोतून हात हलवत राहिली. माझी मुलगी भवनाच्या दारात डॉक्टरच्या कडेवर हसत होती, की मैत्रीण आली.

रिसोडवाली आणि मंगरूळपीरवाली त्या दिवशी बसल्या, पण पुढच्या वेळी आल्या नाहीत. त्यांनाही वाचता येत होतं. दुसऱ्या महिन्यात सात मुलं आली, तिसऱ्या महिन्यात चार, चारही आमच्याच समाजाची. म्हणजे अर्जात लिहिलं होतं तसं शेवटी अगदी खरं झालं. डॉक्टरने हात जोडले आणि येणं बंद केलं. अध्यक्षांनी मात्र वार्षिक सभेत आमच्या उपक्रमाचा गौरवाने उल्लेख केला, मला शाल दिली. ती शाल मी मुलीच्या पाठीमागे उशीला गुंडाळते.

वर्ष झालं. मुलीची कंबर एका बाजूला वाकायला लागली. मी अकोल्याला डॉक्टरला फोन केला, त्याच्याकडे घेऊन येऊ का विचारायला. तो म्हणाला, एवढ्या लांब कशाला आणता? दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुमच्याच गावात तर येतो मी. विहारात. तुम्हाला माहीत नाही का?

मी गेले. पायरीवर फळी टाकलेली होती. आत सोळा-सतरा मुलं, आया, दोन बापसुद्धा. रिसोडवाली होती. आणि भिंतीजवळ एक ओळखीची पाठ दिसली: त्या संध्याकाळी मला पहिला फोन करणारी आई. तिने मला पाहून मान खाली घातली. ताईने सतरंजीवर जागा केली, माझ्या कडेवरून मुलीला घेतलं आणि आपल्या मुलीच्या पाठीला पाठ लावून बसवलं. कोणत्या समाजाची, कुठून आल्या, काही विचारलं नाही. तिची मुलगी आता एकटी बसत होती, तिला पाठीची गरज नव्हती. ती माझ्या मुलीसाठी बसली.

“ताई, जागा मिळन का आमाले?” मी विचारलं. वेड्यासारखाच प्रश्न.

“जागा तं तवाबी होती मॅडम,” ती म्हणाली आणि आकडे मोजायला लागली. माझी मुलगी नऊला कलली.

व्यायाम संपल्यावर डॉक्टर दरवेळी सगळ्यांचा एक फोटो काढतो, आणि तो गावभरच्या मोबाइलमध्ये फिरतो; माझ्या मोबाइलवर मात्र तो कधी आला नव्हता. मुलं मधे सरकू लागली. ताई माझ्याजवळ आली, आवाज खाली करून म्हणाली, “घरी सांगून आल्या काय?”

मी घरी सांगितलं होतं, वाशीमला दवाखान्यात जाते म्हणून. मी मुलीला उचलून कडेवर घेतलं. तिला तेवढं पुरलं.

“मंग तुमाले फोटूत घेत नाही,” ती म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. माझी काळजी म्हणून म्हटलं. फोन करणारी ती आई आपलं लेकरू उचलून आधीच दाराजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होती. फोटोत न येणाऱ्यांची ती ठरलेली जागा असावी. तिने थोडं सरकून मला जागा करून दिली. माझी मुलगी मात्र सगळे हसताहेत पाहून माझ्या कडेवरून फोटोकडे दोन्ही हात करत होती, आणि मी ते हात धरून खाली दाबले.