मिरचीच्या जाळाचा ठसका
मिरचीच्या जाळाचा ठसका लागला की अजूनही मला आमचा बांध आठवतो. मी सात वर्षांची असताना एका सकाळी माझ्या वडिलांनी, आबांनी, रानातली आकसलेल्या पानांची मिरचीची झाडं मुळासकट उपटून बांधावर पेटवली. "व्हायरस हाय. एक जरी ठिवलं तर समदं रान जातंय," ते म्हणाले. दुपारी थोरल्या ताईसोबत खेळताना मला ताप भरला. झरी गावच्या डॉक्टरांनी माझा घसा बघून सांगितलं, "व्हायरस आहे." परतताना आबांनी मोटारसायकल त्याच बांधाजवळ थांबवली. जाळ अजून धुमसत होता. "उतर बाळा," म्हणत त्यांनी हात पुढं केला. मी टाकीवर बसूनच हँडल गच्च धरलं. "मला ठिवा आबा, मी ताईजवळ जाणार न्हाई, तिला व्हायरस लागणार न्हाई." निखाऱ्यांवर माती टाकायला थांबलेले आबा मटकन खाली बसले. आता लेकीला दवाखान्यात नेते, तेव्हा डॉक्टर बोलायच्या आधीच मी तिला मांडीवर घट्ट धरते.