तक्रारताईंचे सुरुंग

वहिनीने नणंदेला मुद्दाम लिफ्टमध्ये अडकवून ठेवलं, अशी कुजबुज त्या इमारतीत मजल्यामजल्यावर पसरली होती. कारणंही लोकांनीच पुरवली. कुणी म्हणे, दोघींचं शिवणयंत्रावरून वाजलंय. आपण ऐकून घेतलं. कान काय, उघडेच असतात.

वहिनी म्हणजे तक्रारताई. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारींचा फोन घ्यायच्या, म्हणून हे नाव. “घाबरू नका, दाराला हात लावू नका, माणूस निघालाय,” हे इतक्या संथपणे सांगायच्या की अडकलेला माणूस आत निवांत फतकल मारून बसे. व्यसन एकच, संगणकावरचा सुरुंग शोधायचा खेळ. चौकट उघडली की आकडा दिसतो, आणि लागून असलेल्या बंद चौकटींत किती सुरुंग आहेत ते तो सांगतो. सुरुंगावर बोट पडलं की डाव खलास. बाकीची मंडळी नशिबावर हवाला ठेवून टिचक्या मारत. ताईंना तो शुद्ध गाढवपणा वाटे.

त्या दुपारी डावाची शेवटची ओळ उरली होती. आकडे असे: कडेला एक, शेजारी दोन, पुढे पुन्हा एक. वर चार चौकटी बंद.

“पहिल्या दोन चौकटींत मिळून एकच,” ताई पुटपुटल्या. “म्हणजे या दोनातला दुसरा तिसरीतच बसलाय मेला.”

फोन वाजला. जरासा वाजून बंद पडला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद.

ताईंनी फोनचाही तर्क लावला. अडकलेला माणूस फोन सोडत नाही. असं खुडबुडून सोडून देणारा एकटाच, लिफ्टचं वंगण विकायला रोज फोन करणारा. म्हणजे तोच. हात माऊसवरून हलला नाही. तिसरीत सुरुंग, म्हणजे पुढच्या एकाचा हिशोब पुरा, म्हणून दुसरी आणि चौथी मोकळी, म्हणून दुसरा सुरुंग पहिलीत. सगळं बरोबर निघालं. मग ताईंनी फोन उचलला.

“वहिनी!” नणंदेचा घसा रडून बसला होता. “केव्हाची लावतेय गं! आत रेंजच तुटतेय. दिवाही गेलाय!”

ताईंनी मागच्या बाकावर बसलेल्या मेकॅनिकला पिटाळलं आणि स्वतःही त्याच्यामागे धावल्या. दार उघडताच घामाने निथळणारी नणंद त्यांच्या गळ्यात पडली. “तुझा आवाज ऐकला आणि जिवात जीव आला.”

मेकॅनिक तोंडाचा फाटका. ताई जागेवरच होत्या, फोन वाजत होता, हे त्याने इमारतीत बोलून टाकलं. पुढचं काम शेजारणींनी केलं.

“त्या खालच्या बाईला चांगलंच झापलं मी,” नणंद जेवताना म्हणाली. “म्हटलं, आमच्या वहिनीचा फोनच बिघडला असणार. हो ना गं?”

सासरी पहिल्या दिवसापासून ताईंची बाजू घेऊन भांडणारी ही एकटी.

“हो,” ताई म्हणाल्या. “बिघडलाच होता.”

“बघ! मी सांगितलं नव्हतं? घे, भात वाढू?”

नणंद आता लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. गुडघे धरून जिना चढते. ताई तिच्यामागून चढतात, ती दम खायला थांबली की थांबतात, आणि ती वळून हसली की कठड्याकडे बघतात.

भांडण झालं नव्हतं. अडकवून ठेवण्याचा हेतूही नव्हता. फोन चालू होता, ताईंना तो ऐकू येत होता, आणि डाव संपेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.