पुस्तकातली चाल

लग्नसराई संपली की आमच्या घरात क्लॅरिनेट खाटेखाली जायचं आणि चुन्याची बादली बाहेर यायची. बाबा अकोल्यात लग्नाच्या बँडमध्ये होते. सीझनभर लाल कोट आणि रोज एक-दोन वराती, उरलेले महिने लोकांच्या भिंती रंगवायच्या. आई शाळेत झाडू मारायची. उन्हाळ्यात बाबांना काम असायचं तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणजे आईला काम नाही. दोघांच्याही हाताला एकाच वेळी काम आहे असे महिने मला फारसे आठवत नाहीत. पावसाळ्यात कितीदा तरी भाकरी आणि मीठ-मिरचीवर दिवस काढलेत. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही, होतं ते असं होतं.

त्या दिवसांत आई एक गोष्ट हमखास काढायची. बाबांना तरुणपणी पोलीस बँडमध्ये नोकरी मिळणार होती. पक्की, पेन्शनवाली. पण ऐनवेळी वशिल्याचा माणूस घुसला आणि बाबा राहिले. "नाहीतर आपण क्वार्टरमध्ये राहिलो असतो," आई म्हणायची. बाबा क्लॅरिनेटची पत्ती ओठात धरून भिजवत बसायचे.

मला वाजवायला त्यांनीच शिकवलं, बँडच्या गाडीवरच्या जुन्या कीबोर्डवर. शिकवणं म्हणजे काय, ते तोंडाने चाल म्हणायचे आणि मी ती वाजवायची. दुसऱ्यांदा चुकलं तर डोक्यात टपली. वरातीत कुठलं गाणं मागतील सांगता येत नाही, म्हणून एकदा ऐकलं की ते बोटात आलंच पाहिजे, असा त्यांचा कायदा होता. दुसरा कायदा म्हणजे नाचणारे ताल सोडून भरकटले तर आपण थांबायचं नाही, जोरात वाजवायचं. ते आपसूक ताळ्यावर येतात.

ताईचं लग्न सिंगापूरला नोकरी करणाऱ्या इंजिनिअरशी झालं आणि पाच वर्षांनी, बारावी झाल्यावर, मी तिच्याकडे आले. यिशुनमध्ये त्यांचा फ्लॅट होता. भाऊजी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत होते. ताईनेच तो कोर्स शोधला. एक लहानसं ख्रिस्ती विद्यापीठ होतं आणि तिथे शाळेत संगीत शिकवण्यासाठीची चार वर्षांची पदवी मिळायची. प्रवेशासाठी तीन रचना वाजवून दाखवायच्या होत्या. मी त्या मोबाइलवर ऐकून बसवल्या आणि अशा वाजवल्या की फी माफ झाली. समोर छापील नोटेशनचा कागद होता. त्यातलं मला एकेक टिंब बोटाने मोजत ओळखता येत होतं, म्हणजे पहिलीतलं पोर अक्षरं जुळवतं तसं. पण कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढे जे झालं त्याला हेच कारण. मी सांगितलं नाही. माझ्या वर्गातली सगळी मुलं पाचव्या-सहाव्या वर्षापासून पियानोच्या ग्रेड परीक्षा देत आलेली. त्यांच्यापुढे जाऊन "मला नोटेशन वाचता येत नाही" म्हणायला माझी जीभ उचलेना. उलट मी ऐटीत असायचे. कुणीतरी आधी वाजवलं की मी ते तसंच्या तसं वाजवायचे, पान मात्र समोर उघडं. बरोब्बर जागी पान उलटायचेसुद्धा! सगळे म्हणायचे, ही किती पटकन वाचते. चौथीच्या पोरीने आईची साडी नेसून बाई व्हावं तसं माझं चाललं होतं.

दर बुधवारी विद्यापीठाच्या चॅपलमध्ये प्रार्थना असायची. मी घरी बुद्धवंदना म्हणणारी, तरी तिथे मला कधी कुणी परकं वाटू दिलं नाही, हे आधीच सांगते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पाळीपाळीने पियानोची साथ करायची असा नियम होता. आदल्या दिवशी फलकावर गीतपुस्तकातला नंबर आणि पहिली ओळ लागायची. माझी रीत ठरलेली होती. पहिली ओळ मोबाइलवर शोधायची, MRT मध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, यिशुनपर्यंत कानात तीन-चार वेळा फिरवायची आणि सकाळी वाजवायची.

त्या बुधवारीही मी तेच केलं. सुरुवात झोकात झाली. दीड-दोनशे लोक पुस्तकं घेऊन उभे राहिले, तोंडं उघडली आणि भलतंच काहीतरी सुरू झालं. शब्द तेच, पण चाल दुसरी. माझं तीन मात्रांचं, त्यांचं चार मात्रांचं. काही लोक गोंधळून थांबले, पुढच्या दोन रांगा त्यांचंच रेटत राहिल्या. मी काय करावं? बाबांचा कायदा पाळला. गर्दी भरकटली म्हणून जोरात वाजवायला लागले. अजून जोरात. लग्नाच्या वरातीत चाललं असतं ते.

आमचे प्राध्यापक उठून पियानोपाशी आले. वयस्क, शांत गृहस्थ. त्यांनी माझ्या समोरच्या पानावर बोट ठेवलं. "हे वाजव. इथे छापलंय ते."

मी पानाकडे बघितलं. टिंबांच्या मुंग्या झाल्या होत्या. हात मांडीवर आले. मग लोकांकडे वळून त्यांनी हात उचलला आणि सगळ्यांनी पियानोशिवायच गीत म्हटलं. चार आवाजांत, इतकं सुंदर की मला सगळ्यांचा राग आला.

त्या शब्दांना दोन चाली लावलेल्या आहेत आणि या पुस्तकात त्यातली दुसरी छापलेली आहे, हे मला नंतर कळलं. ज्याला पान वाचता येतं त्याच्या हातून ही चूक होऊच शकत नाही. प्राध्यापकांनाही तेवढ्यावरून सगळं कळलं.

"तीन वर्षं तू काय वाचत होतीस?" त्यांनी खोलीत बोलावून विचारलं.

"सर, मी वाजवलं ते चुकलं कुठे? सूर चुकला? ताल चुकला?"

"नाही."

"मग? ऐकून वाजवते हा काय गुन्हा आहे? वर्गातल्या एकाला तरी ऐकून वाजवता येतं का, विचारा."

"येत नाही. तुझ्यासारखा कान मलाही नाही." ते अजिबात चिडले नाहीत, त्याने मी जास्त चिडले. "पण शाळेत चाळीस मुलं नवीन गाण्याचं पान उघडून तुझ्याकडे बघतील. तिथे तुला आधी कोण वाजवून दाखवणार?"

निर्णय सरळ होता. न पाहिलेलं पान वाचून वाजवण्याची परीक्षा द्यायची. पास होईपर्यंत शाळेत वर्ग घेऊन करायचा पाठाचा सराव बंद. दोन संधी. सराव नाही तर पदवी नाही, आणि कोर्स सुटला की स्टुडंट पासही संपला. परत अकोला.

घरी ताईने ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "अगं, तीन वर्षं? मला तरी सांगायचंस!" तिची सहा वर्षांची मुलगी पियानोच्या क्लासला जायची, ती खुर्चीवरून म्हणाली, "मावशी, you cannot read ah? So easy lah!" मी तिला एक धपाटा घालणार होते. तिचं खरं होतं म्हणून घातला नाही.

बाबांना फोन केला तो शिव्या घालायला. प्राध्यापकांना हो, बाबांना नाही.

"वाजवलं ना पण तू?" बाबा हसले. "मंग झालं. कागद पाहून वाजवणाऱ्याले नवरदेव पुढे निघून गेलेला बी समजत नाही."

"बाबा, हसू नका. मला काढून टाकतील. समोर कागद ठेवला आणि मला वाचता आला नाही."

बाबांचं हसणं थांबलं.

"माह्यासमोर बी ठेवला होता," ते म्हणाले.

"काय?"

"कागद. पोलीस बँडात. साहेब म्हणे, हे वाजव. मी म्हटलं, तुम्ही एकडाव वाजवून दाखवा, मंग पाहा. ते हसले अन् म्हणे, पुढचा या. वशिला-बिशिला काही नव्हता वं पोरी. ते मी तुह्या आईले सांगितलं होतं. सांगू नको तिले."

मला आधी त्यांचाच राग आला. एवढी वर्षं माहीत असून माणसाने पोरीला तेच शिकवावं? मग लक्षात आलं, त्यांच्याकडे तेवढंच होतं, ते त्यांनी सगळं दिलं.

दुसऱ्या दिवशी मी भाचीचं पहिलं पुस्तक मागून घेतलं. बदकाची आणि सशाची चित्रं असलेलं. वयाच्या बाविसाव्या वर्षी. अडचण अशी की चार सूर वाचले की पुढचे सात माझा कान आधीच सांगून मोकळा व्हायचा, डोळे आळशासारखे बसून राहायचे. शेवटी मी पान उलटं वाचायला घेतलं. शेवटच्या टिंबापासून सुरुवात, उजवीकडून डावीकडे. त्यातून कुठलीच चाल निघत नाही, त्यामुळे कानाला काही ओळखता येत नाही. रोज दोन-दोन तास ते बेसूर, अर्थहीन वाजवणं. शेजारच्या सरावखोलीतली मुलगी एकदा डोकावून विचारून गेली, पियानो बिघडलाय का. मी म्हटलं, नाही, मी बिघडलेय.

पहिल्या संधीला नापास झाले. दुसऱ्या ओळीत घाईने पुढचा सूर ओळखायला गेले आणि पानाने भलतीकडे नेलं. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले, हेही लिहून टाकते.

दुसऱ्या वेळी हळू वाजवलं. इतकं हळू की मलाच कंटाळा आला. पण जे छापलं होतं तेच वाजवलं. प्राध्यापक म्हणाले, "सुंदर नव्हतं." मग म्हणाले, "बरोबर होतं." आणि सही केली. माझ्या कानाबद्दल त्या चार वर्षांत मला एकही मार्क मिळाला नाही, त्याची खंत मला आजही आहे.

मी पाठाचा सराव पूर्ण केला. पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली आणि पदवी घेऊन उतरलेली मी पहिली. त्याच वर्षी एका शाळेत संगीतशिक्षक म्हणून लागले. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला पान वाचता येतं, आणि पान मिटून वाजवताही येतं.