बारा सुपाऱ्या

हे मी कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. ती गेली, तेव्हा सांगण्याची वेळही गेली.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षे झाली होती. बोर्ली पंचतनच्या बाजारापासून दोन कोसांवरच्या गावी मी मुख्याध्यापक होतो. ट्रेनिंग कॉलेजात बालशिक्षणाचे दोन विचार शिकलो होतो. एक म्हणतो, शिक्षण म्हणजे सवय: घोकून घ्या, बरोबर आले तर शाबासकी, चुकले तर छडी. दुसरा म्हणतो, मूल वस्तू हाताळून आपली समज आपणच उभी करते. शिक्षकाने वाट पाहावी. परीक्षेत मी दुसऱ्याची बाजू मांडली आणि पहिला आलो. वर्गात मात्र — छडी. ती लवकर फळ देते.

शाळेच्या पडवीत सुमतीबाई बालवाडी चालवत. मुले सुपाऱ्या मांडून मोजत, भांडत, हसत. माझ्या बिगरीतली, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातली, पोरे तिकडे माना वळवत. मला ते बोचे. मत्सर म्हणू? दुसरा शब्द नाही.

दिपोटी साहेब तपासणीला आले. पडवी बालवाडीकडे ठेवायची की नाही, हे ते ठरवणार होते. प्रश्नांची यादी त्यांनी माझ्याकडेच मागितली. माझ्या वर्गाने आठवडाभर घोकलेले प्रश्नच मी दिले — त्याच क्रमाने. पोरांनी एका सुरात उत्तरे दिली. मग साहेबांनी पडवीत पाच वर्षांच्या यमुनेला विचारले, सात आणि पाच किती? ती उठून टोपलीकडे निघाली.

"वाईच थांबा, बगून सांगते."

साहेब थांबले नाहीत. पाठ फिरवून त्यांनी माझे मत विचारले. त्यांच्या खांद्यावरून मला तिची रांग दिसत होती — बारा सुपाऱ्या, नीट मांडलेल्या.

"खेळ आहे, साहेब. शिक्षण नव्हे," मी म्हणालो.

बालवाडी बंद झाली. सुमतीबाई म्हसळ्याला भावाकडे गेल्या. निघताना एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हाला तर हे ठाऊक होतं."

ठाऊक होतेच. म्हणून तर सांगतो आहे.

यमुना माझ्या बिगरीत आली. परकराच्या ओच्यातून सुपाऱ्या आणी. मी फेकायला लावल्या. पुन्हा आणल्या, तेव्हा तळहातावर छडी दिली. वर्ष सरताना तीही सुरात सूर मिसळू लागली. एकदा तिला एकटीला उभे करून मी विचारले, सात आणि पाच? तिने बोटांकडे पाहिले नाही. माझ्या तोंडाकडे पाहिले.

"तुमी सांगाल ते, गुरुजी."

मी तिला खाली बसवले आणि तिच्या नावापुढे शेरा लिहिला — प्रगती समाधानकारक.