पाचवा साक्षीदार

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही. नागपूरचं आमचं बौद्ध घर, नवस-अंगारे-धुपारे बाबांनी कधी उंबरठ्याच्या आत येऊ दिले नाहीत. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय… पण आता सांगतेच.

२००४ साल. मी न्यू जर्सीत इतिहासात पीएच.डी. करत होते. मध्ययुगीन इंग्लंडच्या राजांनी चर्चला दिलेल्या जमिनी, हा विषय. नातेवाईक हसायचे, हसू देत. जर्सी सिटीत माझी रूममेट प्राजक्ता, पुण्याची, माझ्याच डिपार्टमेंटची. एका ताटात जेवायचो आम्ही.

राजाच्या दानपत्राखाली साक्षीदारांची नावं असतात. एका मठाच्या दानपत्राची मायक्रोफिल्म, म्हणजे फिल्मवर उतरवलेली प्रत, मी लायब्ररीत बघत होते. पाचवा साक्षीदार, ह्यू नावाचा सरदार. आणि हा ह्यू दानपत्रावरच्या तारखेच्या तीन वर्षं आधीच मेलेला! म्हणजे दानपत्र बनावट. राजानं जमीन दिलीच नव्हती, मठानं ढापली होती. माझा अख्खा थीसिस त्या नावावर उभा राहणार होता. मी प्रिंटआउट काढला आणि संध्याकाळी कुकर लावता लावता प्राजक्ताला सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन फिल्म बघून आली. मला वाटलं, कौतुकानं गेली.

महिन्याभरानं सेमिनारमध्ये तिनं तेच स्वतःचं म्हणून वाचलं. ह्यूसकट. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "अगं यार, आयडिया काय कुणाच्या मालकीची असते का?" 

मग सेमिनार घेणाऱ्या प्रोफेसरांनी फिल्म बघायची म्हटलं. भरदुपारी आम्ही तिघं लायब्ररीत. डबा तोच, फिल्म तीच, पान तेच. साक्षीदार मात्र चारच. पाचव्याच्या जागी कोरं… खाडाखोड नाही, डाग नाही. प्राजक्ताचा चेहरा पांढराफटक पडला. मी बॅगेतच हळूच माझा प्रिंटआउट उघडून पाहिला. त्यातही चारच. 

"हिनंही पाहिलंय," प्राजक्ता त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "सांग ना गं त्यांना. प्लीज."

प्रोफेसरांनी मला विचारलं, "तू हे नाव पाहिलं होतंस?"

मी म्हणाले, "नाही."

प्राजक्तावर पुरावा रचल्याचा ठपका आला. सेमिस्टर संपायच्या आत ती युनिव्हर्सिटी सोडून गेली. माझाही विषय गेलाच, ह्यूशिवाय त्यात उरलं काय होतं? नवा विषय घेतला, दोन वर्षं वाया गेली. तिनं मला फसवलं याचा राग अजून जात नाही. आणि त्या "नाही"ची बोचही जात नाही.

ते नाव कुठं गेलं, मला ठाऊक नाही. फिल्म बदलली म्हणावं, तर माझ्या बॅगेतल्या कागदाचं काय? ते तिथं होतं, हे जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे. आणि आम्ही एकमेकींशी बोलत नाही.