नाथाजी हवालदारानं भरलेली पिशवी

सामान बांधावं तर नाथाजी हवालदारानं, असं कडेगावच्या पंचक्रोशीत सगळे म्हणत, आणि ते ऐकून नाथाजीची मान आणखी ताठ व्हायची. अठरा वर्षं पलटणीत काढलेला गडी. विमानात बसलेला गावातला एकटाच. तेही एकदाच, लेहला जाताना. आता त्या विमानात झडती कसली घेणार, जो तो मांडीवर रायफल घेऊन बसलेला! पण एवढं खोदून विचारतंय कोण?

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात त्याची लेक विजयमाला चार महिन्यांचं बाळ घेऊन नवऱ्याकडं मस्कतला निघाली. विमानं पळवायची टूम निघाल्यापासून विमानतळावर हातातली पिशवीसुद्धा उलटीपालटी करून बघतात, हे नाथाजीनं पेपरात वाचलं होतं. त्यानं ओसरीवर घोंगडं अंथरलं आणि पलटणीत किट मांडायचा तशी एकेक वस्तू मांडली. कात्री, ब्लेड, काडेपेटी बाजूला. चटणीचा डबा मोठ्या पेटीत. दुपटी खाली, दुधाची बाटली आणि गुटीची सहाण वर.

"ज्ये बघत्याली त्ये वर ठेवायचं," तो लेकीला सांगत होता. "त्यांनी मागायच्या आत आपून उघडून दावायचं. मग कोण अडवतंय?"

तेवढ्यात त्याची बायको बनुबाई बाळाची राळ्याची उशी घेऊन आली. उशीत तिनं अडकित्ता घालून तोंड शिवून टाकलं होतं.

"अगं, लोखंड न्हाई चालत विमानात!"

"आवं, गावाची शीव वलांडायची तरी तान्ह्याच्या उशाला लोखंड लागतं. हितं तर समिंदर वलांडायचाय. लोखंड जाणार नसंल तर लेकरूबी जाणार न्हाई."

"बरं बाई, जाऊ दे," नाथाजी म्हणाला. तिथंच भांडला असता तर बरं झालं असतं. पण बायकोशी कोण डोकं लावणार, म्हणून गप्प बसला.

लेकीला विमानात बसवायला तो मुंबईला गेला, तेव्हा पुतण्याच्या खोलीवर ती अंघोळीला गेलेली बघून त्यानं उशी उसवली आणि अडकित्ता काढून घेतला. राळं फरशीवर सांडलं, ते दाणा दाणा वेचून परत भरलं आणि उभे-आडवे टाके घालून टाकले. लेकीलाही सांगितलं नाही. ती आईला कळवल्याशिवाय राहिली नसती. गावी आल्यावर अडकित्ता पलटणीच्या पेटीत तळाला गेला.

"लोखंड गेलं न्हवं नीट?" बनुबाईनं विचारलं.

"गेलं."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. झडती घेणाऱ्या बाईनं बाळाचा गालगुच्चा घेतला म्हणे, उशीला हातसुद्धा लावला नाही. बनुबाईला वाचून दाखवता दाखवता नाथाजीच्या मनात आलं, म्हणजे उगाच काढला की!

दुसरं पत्र आलं आणि त्याचं धाबं दणाणलं. बाळाला ताप, छाती भरलेली, दवाखान्यात ठेवलंय. मग तेरा दिवस पत्रच नाही. नाथाजी अंगारा-धुपारा मानणारा माणूस नव्हता. तरी मन खायचं ते खायचंच. न मानणारा तो होता. पण उशी तर बनुबाईनं शिवली होती, आणि तिला फसवून लेकरू पाठवलं होतं.

बनुबाई मात्र निवांत. "तुमी कशापायी वाळताय? उशाला लोखंड हाय त्येच्या. जेवा गप."

सांगून टाकावं म्हणून तो तोंड उघडायचा, आणि पाणी मागायचा.

चौदाव्या दिवशी पत्र आलं. इंजेक्शनं लागू पडली, बाळ घरी आलं. बनुबाईनं आळीभर साखर वाटली आणि लोखंडानं नातू कसा राखला ते घरोघर सांगितलं. नाथाजी मनात म्हणाला, सुटलो.

सुटतोय कसला! श्रावणात शेजारच्या अंबूबाईची नात तापानं फणफणली, डोळे फिरवायला लागली. नाथाजी धावत गेला. "मिरजंला न्या, आत्ताच्या आत्ता!"

"विळा ठेवलाय की उशाला," अंबूबाई म्हणाली. "तुमच्या नातवाला राखलं, माज्या नातीलाच न्हाई व्हय राखणार? उद्यापतूर बघू."

शेजारी बसलेली बनुबाई पोरीच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "राखंल, राखंल."

पोरीला काही झालं तर ते पाप कुणाच्या माथी? नाथाजीनं तोंड उघडलं, आणि या खेपेला पाणी मागितलं नाही.

"अंबूबाई, आमच्या उशीत लोखंड नव्हतंच. म्या मुंबईत काढलं. अडकित्ता माज्या पेटीत पडलाय. पोरगं इंजेक्शनानं वाचलं. उचला पोरीला!"

कुणीतरी जीप आणली. चार दिवस मिरजेच्या दवाखान्यात काढून पोर हसत घरी आली. हवालदार वेळेवर बोलला म्हणून पोर वाचली, असं आळी म्हणाली. नाथाजीला त्यात काही गोड लागेना, कारण ते चार दिवस बनुबाई त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची आणि उठून जायची.

पाचव्या दिवशी भाकरी वाढता वाढता ती बोलली.

"खोटं बोलला त्येचं काय न्हाई. संसारात चालतंय. पर लेकरू तिकडं धापा टाकत हुतं, आन् मी हितं पोटभर जेवून घोरत पडली हुती. लोखंड न्हाई म्हाईत असतं, तर उपास धरला असता, रातभर जागली असती. दुसरं काय हुतं माज्या हातात? त्येबी काढून घेतलंसा तुमी."